खुशालरावांच्या गाडीची झेंडी

गाडीच्या सीटवर बसलेला बैल पहिल्यांदा पाहिला तेव्हा खुशालरावांना मनापासून राग आला. हसू नका. ज्या माणसानं उभा जन्म बैलांमागे काढला, त्याच्यासमोर टीव्हीवर निळी चड्डी घातलेला बैल येतो, पुढच्या दोन पायांनी स्टिअरिंग धरतो आणि वरून डोळा मारतो, तर त्यानं काय समजावं?

"हे काय होय?" ते म्हणाले. "बैल गाडीत बसते, मंग गाडी कोन ओढते?"

"इंजिन ओढते, बाबा," रागिणी म्हणाली.

"मंग बैल कायले पाह्यजे?"

रागिणी म्हणजे खुशालरावांची थोरली लेक, अकोल्याला दिलेली. तिचं पोरगं यंदा दहावीत. आणि आपल्याकडे ज्या घरात दहावीचं पोरगं असतं त्या घरात टीव्ही, क्रिकेट, पाहुणे, मोठ्यानं हसणं, सगळंच बंद असतं. पोराचं हे टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन आधी कपाटात गेलं. कपाटाची किल्ली त्याला सापडली, म्हणून मग ते अमरावतीला, राजापेठेत, मामाच्या फ्लॅटवर हद्दपार झालं. "बाबाच्या हाताले व्यायाम होईन," असं रागिणीनं वर सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

खुशालरावांचा उजवा हात गेला होता. शेंदूरजनाघाटच्या अलीकडे त्यांचं गाव, तिथं संत्र्याचा बगिचा. मागच्या उन्हाळ्यात सकाळी मोटर सुरू करायला गेले आणि बटणापर्यंत हात उचललाच गेला नाही. लकवा मारला. धाकटा मुलगा अंकुर अमरावतीला इन्शुरन्सच्या ऑफिसात आहे, तो धावतपळत आला, दवाखाना केला. जीव वाचला, पाय आला, तोंड सरळ झालं. हात मात्र मनगटापासून तसाच लोंबत राहिला. बगिचा आणि बैल चुलतभाऊ सूर्यभाननं सांभाळायला घेतले. खुशालराव आणि सुभद्राबाई अंकुरच्या फ्लॅटवर आले ते तिथलेच झाले. "हात सुधरला का गावी जाऊ," हे खुशालराव चहाच्या कपागणिक म्हणत, आणि सुभद्राबाई कपागणिक "हो" म्हणत.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारपणी हात जातो, अनेकांचा जातो. पण हा हात कोणाचा होता ते तालुक्यातल्या जुन्या माणसांना विचारा. शंकरपट म्हणजे आपली बैलजोड्यांची शर्यत. हलका छकडा, पुढे दोन बैल, वर एक धुरकरी कासरे धरून. बाकीचे धुरकरी काठी घेऊन बसायचे, शेपटी पिरगाळायचे, शिव्या घालायचे. खुशालरावांच्या हातात नुसते कासरे. मनगट जरासं फिरवलं की डाव्या बाजूचा तापट पाखऱ्या दबायचा, आणखी जरासं फिरवलं की उजव्या बाजूचा आळशी चंद्या उठायचा. "कासऱ्यातून बैल बोलते," ते म्हणत, "आपन आयकाचं." त्यांना पटात पाहूनच सुभद्राबाईंच्या वडिलांनी मुलगी दिली होती. "माह्या बापानं बैल पाह्यले, मानूस पाह्यलाच नाई," असं सुभद्राबाई अजून ऐकवतात, आणि ऐकवताना त्यांना बरंही वाटतं.

त्यांच्या गावच्या पटाची एक रीत आहे. जिंकलेल्या छकड्याच्या मागे लाल झेंडी बांधायची आणि ती झेंडी मिरवत जोडी गावभर फिरवायची. झेंडी म्हणजे तिथं सगळं काही. बक्षिसाच्या भांड्यात लोक लोणचं घालून विसरून जातात, झेंडी मात्र देवघराशेजारी टांगलेली असते. खुशालरावांच्या घरी अशा झेंड्या इतक्या होत्या की सुभद्राबाईंनी एकदा त्यांची गोधडी शिवायची धमकी दिली होती.

तर असा माणूस राजापेठेत, तिसऱ्या माळ्यावर, रबरी चेंडू दाबत बसला होता. व्यायाम करून घ्यायला अनुपमा मॅडम यायच्या. "दाबा काका, अजून दाबा." काका दाबायचे. बोटं हलायची नाहीत, खांद्यापासून सगळं अंग मात्र हलायचं. बाहेरच्या खोलीत सून पौर्णिमाचे गणिताचे क्लास, सकाळी आणि संध्याकाळी. त्यामुळे आतल्या खोलीतला टीव्ही मुका ठेवायचा. खुशालरावांनी बैलाची ती शर्यत सगळी मुक्यानंच पाहिली. तिचं संगीत कसं आहे ते त्यांना आजही माहीत नाही.

खेळ तसा पाहिला तर साधा. कोण्या कंपनीचा तो लाडका बैल, आणि त्याचे सोबती. एक लठ्ठ अस्वल, एक मुकुटवाला बेडूक, चष्मेवाली खार, आणखी चारदोन प्राणी. प्रत्येकाला एक छोटी गाडी. रस्ता कधी ढगांतून जातो, कधी पाण्याच्या कडेनं. कोणी केळ्याची सालं टाकतं, कोणी रॉकेट सोडतं. रस्त्यावरून पाण्यात पडलात की एक बगळा येतो, तुमची गाडी चोचीत धरतो आणि परत रस्त्यावर ठेवतो.

पहिले काही दिवस खुशालरावांची आणि बगळ्याचीच काय ती ओळख झाली. हातातल्या त्या यंत्राला दोन अंगठे लागतात, डावा पळवायला, उजवा वळवायला. डावा अंगठा चालायचा, उजवा नुसता बटणावर पडून राहायचा. वळण आलं की बैल सरळ पाण्यात. बगळा. पुन्हा वळण, पुन्हा पाणी, पुन्हा बगळा. बेडूक तीन चक्कर मारून नाचायला लागायचा तरी यांचा पहिला चक्कर संपलेला नसायचा. एका संध्याकाळी त्यांनी ते यंत्र गादीवर आपटलं.

"मानसाले धड पडू बी देत नाई हा बगया," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते सुभद्राबाईंनी पाहिलं, आणि मग त्या उठून अंकुरच्या मागे स्वयंपाकघरात गेल्या. आत मायलेकांचं काहीतरी हळू आवाजात चाललेलं खुशालरावांना ऐकू येत होतं. त्यांना वाटलं, आपल्या औषधाबद्दल असेल.

दुसऱ्या दिवशी बैलाच्या गाडीमागे एक छोटी लाल झेंडी होती.

खुशालराव सरळ होऊन बसले. अस्वलाच्या गाडीला झेंडी नव्हती. बेडकाच्या नव्हती, खारीच्या नव्हती. फक्त त्यांच्याच.

"अंकुर, मले झेंडी देल्ली काय गा त्यायनं?"

अंकुर ऑफिसची बॅग भरत होता. त्यानं आईकडे पाहिलं. "हो बाबा," तो म्हणाला.

"जितलो तं नाई मी."

"रोज खेळता ना, म्हून देल्ली असन."

खुशालरावांना हे पटलं. आणि काय सांगावं, त्या दिवशी बैल पाण्यात पडला नाही. वळण आलं, त्यांनी अंगठा रेटायचा प्रयत्न केला आणि गाडी वळली. कडेला गेली आणि आपोआप सावरल्यासारखी आत आली. बगळा दिसलाच नाही. शर्यत संपली तेव्हा त्यांचा नंबर खालूनच होता, पण ते शेवटपर्यंत आले होते. उजव्या अंगठ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग सुभद्राबाईंना हाक मारली आणि तो अंगठा दाखवला.

"आला, व," ते म्हणाले. "हात आला."

सुभद्राबाई अंगठ्याकडे पाहत राहिल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "बरं झालं."

त्यानंतर या गृहस्थाचा नूरच पालटला. जेवण वाढलं. खाली सलूनमध्ये दाढीला गेले तर तिथं हात आल्याची बातमी. पौर्णिमाच्या क्लासच्या पोरींच्या आया जिन्यात भेटल्या तर त्यांनाही बातमी. अनुपमा मॅडमचा चेंडू आता त्यांना लहान वाटायला लागला. मॅडम म्हणाल्या, "काका, थोडा फरक आहे, पण घाई नको." खुशालरावांनी यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं तिथंच सोडलं.

रविवारी अंकुर शेजारी बसायचा. टीव्हीचे दोन भाग व्हायचे, डावीकडे बापाचा बैल, उजवीकडे लेकाची खार. खोटं कशाला सांगू, हे बापलेक आयुष्यात एका सोफ्यावर इतका वेळ कधी बसले नव्हते. गावी असताना बाप बैलांत आणि लेक पुस्तकात. बोलणं झालंच तर आईच्या मार्फत. आता दोघं एकाच पडद्यावर डोळे लावून तासभर बोलत. या खेळाची एवढी एक गोष्ट मीसुद्धा मानतो.

आणि खुशालराव खेळाची पारख करायचे, अगदी जोडी विकत घ्यायला आल्यासारखी.

"हे पाह्य," ते म्हणायचे, "सुरवात भल्ली इमानदारीची हाय. दिवे लागाच्या आंधी बटन दाबलं तं चाकं जाग्यावरच फिरतेत. उशीर केला तं गेलं. पटात असंच रायते, निशान पडाच्या आंधी जोडी सुटली का बाद. ज्यानं हे केलं त्याले सुटनं समजते."

"आन वळन?"

"वळन बी बरं हाय. वळन आल्यावर वळून भागत नाई, आंधी आंग टाका लागते. बैलाचंबी तसंच. आन वजन पाह्य. अस्वल सुटते हळू, पन एकदा सुटलं का खारीले धक्का मारून बाजूले करते. घरी बैल असतीन त्या मानसाच्या."

"जपानातले असतीन नाईतं अमेरिकेतले, बाबा."

"मंग तथी बी बैल असतीन."

पण खोड सांगायची वेळ आली की ते तितकेच कडक. पहिली खोड, धूळ नाही. बैलाला फेस येत नाही, धाप लागत नाही, कितीही चक्कर मारा, तो डोळा मारायला तयारच. दुसरी खोड, तुम्ही कितीही पुढे काढा, ते अस्वल आपलं मागे आहेच. "त्याले कोनीतरी वढून आनते," ते म्हणत. "स्वताच्या दमावर नाई येत ते." तिसरी खोड त्यांच्या डोक्यात जायची. जो पुढे असेल त्याला खेळात काही मिळत नाही, फार तर एक केळ्याचं साल. उलट मागून कोणीतरी मधमाश्यांचं पोळं सोडतं, आणि ते नेमकं पहिल्या नंबरच्याच डोक्यावर जाऊन फुटतं. आणि जो सगळ्यांत शेवटी असतो त्याला रॉकेट.

"हा कोनता न्याव होय? मागच्याले रॉकेट काहून?"

"नाईतं मागचा मानूस कंटाळून खेळ सोडून देते, बाबा," अंकुर म्हणाला. "शेवटलोग साऱ्यायले वाटलं पाह्यजे का आपनबी जितू शकतो. त्याच्यातच तं मजा हाय. लहान पोरगं आन मोठा मानूस संगं खेळू शकतेत."

"सोडू दे ना मंग. मानूस मागं रायला तं त्याले समजलं पाह्यजे का तो मागं हाय. त्याच्यापासून लपवून काय फायदा?"

अंकुरनं खारीला मुद्दाम कडेला घातलं आणि बैलाला पुढे जाऊ दिलं.

पौषात सूर्यभान गावाहून संत्र्याची थैली घेऊन आला. खुशालरावांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, आणि पटाच्या कमिटीत. तो आला तेव्हा खुशालराव ढगातल्या रस्त्यावर होते. सूर्यभान चपला काढायच्या विसरून दारातच उभा राहिला.

"भाऊ, तुमी तं हाकून राह्यले."

"मंग काय."

"हात आला?"

"पाह्य ना," खुशालराव म्हणाले, आणि मान न वळवता पुढचं वळण काढून दाखवलं.

सूर्यभान ज्या कामाला आला होता ते मग त्यानं मोठ्या उमेदीनं सांगितलं. यंदा माघात गावचा पट. पट सुरू व्हायच्या आधी मानाची जोडी निघते. झूल घातलेले बैल, छकड्यामागे झेंडी, आणि वर गावातला सगळ्यांत जुना धुरकरी एकटा. तो ही जोडी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतो, मगच खरी शर्यत. इतकी वर्षं हा मान भगवंतबुवांचा होता. भगवंतबुवा दिवाळीत गेले.

"कमिटीत तुमचंच नाव निंगालं, भाऊ. मीच म्हनलं, का पाह्यतो हात कसा हाय ते. आता पाह्यलं. जोडी बी तुमचीच, पाखऱ्या आन चंद्या."

खुशालरावांनी यंत्र मांडीवर ठेवलं. पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवून वर्ष व्हायला आलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात सुभद्राबाई चहाचा ट्रे घेऊन तशाच थबकल्या होत्या.

"येतो," खुशालराव म्हणाले. "मीच हाकीन. सांग कमिटीले."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात पुन्हा कुजबुज झाली. या वेळी जरा जास्त वेळ. "तूच सांग," असं सुभद्राबाई म्हणालेल्या त्यांना ऐकू आलं, आणि "कसं सांगू, आई," असं अंकुर म्हणालेला. खुशालरावांना वाटलं, गावी जायच्या गाडीचं चाललंय. ते पडल्या पडल्या मनातल्या मनात पटाची वाट हाकत होते.

आठवड्याभरात सूर्यभाननं मोबाईलवर फोटो पाठवला. गावच्या स्टँडवर फ्लेक्स लागला होता. त्यावर फेटा बांधलेले खुशालराव, जुन्या फोटोतले, आणि खाली मोठ्या अक्षरांत: मानाच्या जोडीचे धुरकरी. खुशालरावांनी तो फोटो पौर्णिमाच्या क्लासलासुद्धा दाखवला. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

पट दोन दिवसांवर आला तेव्हा अकोल्याहून रागिणी आली, बापासोबत गावी जायला. पोराला नवऱ्याच्या ताब्यात देऊन आली होती. दुपारी जेवणं झाल्यावर खुशालराव तिला म्हणाले, "ये, तुले दाखवतो." अंकुर घरीच होता. तो काहीतरी बोलणार होता, पण रागिणी सोफ्यावर मांडी घालून बसलीसुद्धा. तिचा स्वभाव सरळ. जे दिसलं ते बोलून मोकळी होते, त्यात वाईट हेतू कधीच नसतो.

शर्यत सुरू झाली. रागिणीनं बेडूक घेतला. पहिल्याच वळणावर ती म्हणाली, "बाबा, तुमच्या गाडीले लहान पोरायची झेंडी काहून लावली?"

"कोनती लहान पोरायची?"

"हे मागची लाल. आमचा पोट्टा पाच वर्साचा होता तवा लावत जावो आमी. ते लावली का गाडी आपोआप वळते. पान्यात पडत नाई. बटन नाई दाबलं तरी चालते." एवढं बोलून तिनं सहज अंकुरकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

बैल वळण घेत होता. खुशालरावांनी खांद्यापासून रेटून उजवा अंगठा बटणावरून काढला. बैल चालत राहिला. त्यांनी डावाही उचलला. बैल कडेला गेला, सावरला, रस्त्याच्या मधोमध आला आणि पुढचं वळण अगदी बरोबर घेऊन गेला.

"काढ," ते अंकुरला म्हणाले.

"बाबा, व्यायामासाठी म्हनून..."

"झेंडी काढ, बेटा."

अंकुरनं झेंडी काढली. नवी शर्यत लागली. पहिल्या वळणाला बैल पाण्यात गेला. बगळा आला. खुशालरावांनी दात आवळले, उजव्या अंगठ्यात खांद्यापासूनचा सगळा जोर उतरवायचा प्रयत्न केला. अंगठा बटणावर पडून होता, जिथं ठेवला होता तिथं. पाणी. बगळा. संध्याकाळ होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा खेळले. कोणी त्यांना थांबवलं नाही. बाहेर पौर्णिमा मुलींना अपूर्णांक शिकवत होती, तिचा आवाज सगळ्यांना स्पष्ट ऐकू येत होता. सुभद्राबाई जमिनीवर बसून रडत होत्या.

"म्याच सांगतलं त्याले," त्या म्हणाल्या. "तुमी भितीकडं तोंड करून निजले होते. मले पाह्यवलं नाई."

खुशालराव त्यांच्यावर रागावले नाहीत. रागवायला अंगात बळ लागतं. त्यांना फक्त एकाएकी फार म्हातारं वाटायला लागलं.

थोड्या वेळानं त्यांनी अंकुरला सूर्यभानला फोन लावायला सांगितलं.

"सूर्यभान, माह्यानं होनार नाई. हात आला नाई माहा. ते टीव्हीतलं खोटं होतं."

पलीकडे सूर्यभान हसला. त्याला वाटलं, ऐनवेळी भाऊ बिचकले. "भाऊ, तुमाले काहीच करा लागत नाई. तुमी फक्त बसा. सारं आमी पाह्यतो. फ्लेक्स लागला, सात गावात सांगनं झालं. आता नाई म्हनू नका."

"मी धुरकरी हावो. नुसता बसून काय करू?"

"बसा, भाऊ. लोकायले तुमाले पाहाचं हाय."

ते गावी गेले. नाही म्हणायलाही माणसाचा हात चालता लागतो, असं वाटावं इतक्या मुकाट्यानं गेले.

गावात हनुमानाच्या देवळापुढे नारळ फुटला. पटाच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, ट्रॅक्टरवर, झाडांवर, बाया छपरांवर. भोंग्यावरून कोणीतरी खुशालरावांचे जुने पराक्रम सांगत होतं, त्यातले अर्धे भगवंतबुवांचे होते. अंकुर आणि सूर्यभाननं त्यांना दोन्ही बगलांतून धरून छकड्यावर बसवलं. सूर्यभाननं डावा कासरा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि उजव्या कासऱ्याचा उजव्या मनगटाभोवती एक वेढा दिला. मग मागे जाऊन झेंडी बांधली. लाल, नवी कोरी. खुशालराव मान वळवून तिच्याकडे पाहत राहिले.

पुढे दोन जवान पोरं उभी होती. एकानं पाखऱ्याची वेसण धरलेली, दुसऱ्यानं चंद्याची.

"पोट्ट्यायले बाजूले हो म्हना," खुशालराव म्हणाले.

"भाऊ, गर्दी हाय," सूर्यभान खाली वाकून म्हणाला. "बायापोरं उभी हायेत. बैल बिचकले तं कोन धरन?"

तो बरोबर बोलत होता. हेच तर सगळ्यांत वाईट होतं, की तो बरोबर बोलत होता. खुशालरावांनी पुढे पाहिलं. "चाल," ते म्हणाले, पोरांना की बैलांना, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

जोडी निघाली. लोक ओरडायला लागले, गुलाल उडाला. पोरं बैलांना धरून सरळ चालवत होती. मध्यावर आल्यावर खुशालरावांनी डावा कासरा जरासा ओढला, जुन्या सवयीनं, मनगटातून. पाखऱ्याचा कान लगेच मागे आला. त्यानं हात ओळखला होता. इतक्या महिन्यांनी, एवढ्या गोंगाटात, त्यानं तो हात ओळखला आणि धनी म्हणतो तसा डावीकडे दबायला गेला. तेवढ्यात पोरानं वेसण हिसकली आणि त्याला सरळ केलं. पाखऱ्यानं मान झटकली. त्याचा कान अजून मागेच होता, पुढचं ऐकायला.

खुशालरावांनी कासरा ढिला सोडला. पुन्हा ओढला असता तर पाखऱ्या पुन्हा वळला असता, आणि पुन्हा त्याच्या नाकाला हिसका बसला असता. त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला. तरी जोडी चालत राहिली, अगदी सरळ, वाटेच्या मधोमध. लोक टाळ्या वाजवत होते. कोणाच्याही काही लक्षात आलं नाही. दुसऱ्या टोकाला सूर्यभान पळत आला, त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "काय गाडी आनली, भाऊ," तो म्हणाला. "भगवंतबुवायनं बी अशी आनली नवती."

उतरवताना अंकुरनं बापाला जवळजवळ उचलून घेतलं. खुशालराव पाखऱ्याच्या पुढे गेले, डाव्या हातानं त्याचं नाक चोळलं, वेसणीच्या भोवती, हळूहळू, बराच वेळ. शर्यत पाहायला ते थांबले नाहीत.

अमरावतीला परतल्यावर दोनतीन दिवस टीव्ही बंदच होता. गावाहून आणलेली लाल झेंडी सुभद्राबाईंनी देवघराशेजारी टांगायला घेतली, तर खुशालरावांनी "राहू दे" म्हटलं, म्हणून ती पिशवीतच राहिली. अनुपमा मॅडम येऊन गेल्या. चेंडू दाबून झाला. मग एका संध्याकाळी, बाहेर क्लास चालू असताना, त्यांनी अंकुरला मशीन लावायला सांगितलं.

"ते झेंडी लाव," ते म्हणाले.

अंकुर त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "बाबा, नको. मी शिकवतो तुमाले. डाव्याच हातानं खेळता येते, बटनं बदलून घेऊ. हळूहळू..."

"लाव, बेटा."

त्यानं लावली. दिवे लागले, गाड्या सुटल्या. खुशालरावांनी यंत्र हातात घेतलंच नाही, ते सोफ्यावर बाजूला पडून होतं. बैल निघाला. ढगातल्या रस्त्यावरून, पाण्याच्या कडेकडेनं, एकेक वळण नीट घेत, मागे छोटी लाल झेंडी फडकवत. अस्वल पुढे गेलं, बेडूक पुढे गेला, खारही गेली. बैल आपला कोणाच्याही अध्यात ना मध्यात, तीनही चक्कर पुरे करून शेवटी रेघेपलीकडे आला आणि त्यानं डोळा मारला.

सुभद्राबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं आणि मग नवऱ्याच्या मांडीवर पडलेल्या दोन हातांकडे.

"आनली काय गाडी?" त्यांनी विचारलं.

"आली," खुशालराव म्हणाले आणि डाव्या हातानं कप घेतला.